१५ की ५१? मदरबोर्डवरचे दोन आकडे कसे वाचायचे

हेडफोन लावून ऐकणारे आणि लोकलमध्ये उभं राहून हे वाचणारे, दोघांसमोरही आज एक कबुली द्यायची आहे. मी बी.टेक. केलंय, पाच-सहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. दिवसभर एरर मेसेज वाचणं हाच माझा धंदा. तरीही गेल्या वर्षी मी फक्त दोन आकड्यांचा एक कोड चुकीचा वाचला. आणि त्या जोरावर एका भल्या दुकानदाराला, त्याच्याच दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर सुनावून आलो.

झालं असं, की माझी धाकटी बहीण आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होती. थ्रीडी मॉडेल रेंडर करायला लागलं की तिचा लॅपटॉप मिक्सरसारखा ओरडायचा आणि मग बंद पडायचा. बाबा म्हणत होते, तयार कॉम्प्युटर आणू, वॉरंटी तरी असते. मी म्हटलं, "सुटे भाग आणतो, घरी जोडतो, त्याच पैशात जास्त ताकदीचं मशीन होईल." आईने भिशीचे पैसे पुढे केले. थीसिस जमा करायला तीन आठवडेसुद्धा उरले नव्हते.

लॅमिंग्टन रोडवरून सगळे भाग आणले. शुक्रवारी रात्री जेवणाचं टेबल रिकामं करून, मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर आडवा ठेवून जोडणी केली. बटण दाबलं, पंखे फिरले, दिवे लागले. स्क्रीन मात्र काळीच. बोर्डाच्या कोपऱ्यात दोन लाल आकडे येऊन थांबले: ५१.

मॅन्युअलची पीडीएफ उघडली. शेवटच्या पानांवर तक्ता होता. ५१ समोर लिहिलं होतं, मेमरी सुरू करताना एरर, एसपीडी वाचता आला नाही. एसपीडी म्हणजे रॅमच्या पट्टीवरच्या एका छोट्या चिपमध्ये साठवलेली तिची ओळख: मी किती जीबीची, माझा वेग किती, मला व्होल्टेज किती लागतं. बोर्ड आधी ती ओळख वाचतो. ती वाचता येत नाही म्हणजे रॅम मेली, असा निकाल मी दोन मिनिटांत देऊन टाकला. बाबा काही बोलले नाहीत. टीव्हीचा आवाज तेवढा थोडा वाढवला.

पुढची गोष्ट सांगण्याआधी, हे आकडे येतात कुठून ते बघू.

स्क्रीनच्या आधी काय घडतं

कॉम्प्युटर चालू केला की विंडोज किंवा लिनक्स लगेच जागं होत नाही. आधी बोर्डावरच्या चिपमधला एक प्रोग्रॅम धावतो. जुनं नाव बायोस, आताचं यूईएफआय. तो एकेका भागाला हाक मारतो: प्रोसेसर आहेस का, रॅम आहेस का, ग्राफिक्स कार्ड, डिस्क? या हजेरीला म्हणतात पॉवर ऑन सेल्फ टेस्ट, थोडक्यात पोस्ट.

आता अडचण बघा. एखादा भाग हजर नसेल तर हा प्रोग्रॅम तुम्हाला सांगणार कसा? स्क्रीनवर अक्षरं उमटवायला ग्राफिक्स लागतं. ग्राफिक्सच्या पायरीपर्यंत पोचायला आधी रॅम चालू व्हावी लागते. रॅमच अडली तर बिचाऱ्याकडे बोलायला तोंडच नाही. म्हणून एक साधी सोय केली गेली. प्रत्येक पायरीला एक नंबर द्यायचा आणि पायरी सुरू करताना तो नंबर एका ठरलेल्या जागी लिहून ठेवायचा. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीपासून ही जागा म्हणजे 'पोर्ट ८०'. पूर्वी तो नंबर बघायला वेगळं कार्ड स्लॉटमध्ये खोचावं लागे, रिपेअरवाल्यांकडे ते असायचं. आता थोड्या महागातल्या बोर्डांवर दोन आकड्यांचा डिस्प्लेच बसवलेला येतो.

हे नंबर सोळाच्या पायावर मोजतात. शून्य ते नऊ झाले की पुढे ए, बी, सी, डी, ई, एफ. त्यामुळे दोन घरांत २५६ वेगवेगळे कोड मावतात. अक्षरं बघताना एक काळजी घ्या. बी आणि डी त्या डिस्प्लेवर छोट्या लिपीत दिसतात, कारण मोठ्या लिपीत ते ८ आणि ० सारखे दिसले असते. बी आणि ६ यांच्यात फरक एवढाच, की ६ च्या डोक्यावर आडवी रेघ असते.

ज्यांच्या बोर्डावर आकडे नाहीत त्यांनी चार बारीक दिवे शोधा: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. जो दिवा लागून राहतो, हजेरी तिथे अडली आहे. आणि बोर्डाला छोटा स्पीकर जोडला असेल तर काही बोर्ड बीप वाजवून सांगतात. पण बीपचा अर्थ प्रत्येक बायोसचा वेगळा, कोडचा तक्ताही बोर्डागणिक थोडा बदलतो. म्हणून पाठ काही करू नका. आपल्याच बोर्डाच्या मॅन्युअलची शेवटची पानं उघडा.

आकडा म्हणजे शेवटचं स्टेशन

आजच्या एपिसोडमधली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. यातले बहुतेक कोड 'हे बिघडलंय' असं सांगत नाहीत. ते सांगतात, 'मी इथपर्यंत आलो होतो.'

समजा इंडिकेटरवर दिसतंय की गाडीने ठाणं सोडलं, आणि मुलुंडला ती अजून आलेली नाही. मग दोष ठाणे स्टेशनचा का? ओव्हरहेड वायर असेल, सिग्नल असेल, किंवा गाडी हळूहळू येतच असेल. शोधायचं कुठे, एवढं मात्र कळलं. तसंच इथे आहे. तक्त्यात काही कोड खरोखरचे एररचे असतात. अनेक बोर्डांवर ५० च्या घरातले काही कोड मेमरीच्या एररचे, त्यात ५५ म्हणजे रॅम लावलेलीच नाही. बाकीचे बरेचसे नुसते प्रगतीचे कोड. आपला आकडा कुठल्या गटातला, हे आधी बघायचं.

मी बघितलं होतं की! ५१, एररच्या गटातला. शनिवारी सकाळी रॅमच्या दोन्ही पट्ट्या घेऊन मी ग्रँट रोडला उतरलो.

दुकानदार काका साठीचे असतील. त्यांनी शांतपणे दोन्ही पट्ट्या आपल्या मशीनमध्ये लावल्या. थोड्या वेळाने मशीन चालू झालं, पूर्ण ३२ जीबी दिसले. मी म्हटलं, "तुमच्या मशीनचं काय ते मला माहीत नाही. माझा बोर्ड एरर देतोय, बोर्ड खोटं कशाला बोलेल? खराब माल द्यायचा आणि वर टेस्टिंगचं नाटक करायचं!" बाजूची गिऱ्हाइकं बघायला लागली. काकांनी शेल्फवरून दुसरी पाकिटं काढली. म्हणाले, "हे घेऊन जा साहेब, लावून बघा. नंतर हिशोब करू."

घरी आलो. नवी रॅम लावली. ५१.

बहिणीने काय पाहिलं

मी मित्राला पाठवायला फोटो काढत होतो. बहीण खांद्यावरून डोकावली आणि म्हणाली, "दादा, हा फोटो उलटा आहे ना? आकड्यांशेजारचं लिखाण उलटं दिसतंय."

प्लॅन हातात आला की आधी उत्तर दिशा शोधायची, ही तिच्या शिक्षणातली सवय. मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने बोर्ड जोडला होता आणि तिथूनच आकडे वाचत होतो. आता फोनच्या कॅल्क्युलेटरवर १५ टाइप करा आणि फोन उलटा धरा. त्या डिस्प्लेच्या काड्यांमध्ये तर ५ उलटा केला तरी ५ च राहतो आणि १ हा १ च. जागा तेवढ्या बदलतात.

माझा बोर्ड दोन दिवस १५ सांगत होता.

तक्त्यात १५ समोर होतं: मेमरीच्या आधी नॉर्थ ब्रिजची तयारी सुरू. एरर नव्हतीच ती, प्रगतीचा कोड होता. नॉर्थ ब्रिज नावाची वेगळी चिप आता बोर्डावर शोधून सापडत नाही, नाव मात्र तक्त्यांमध्ये टिकून आहे. रॅमशी बोलण्याचं तिचं काम आज प्रोसेसरच्या पोटात असतं. एएमडीने हे २००३ मध्ये अ‍ॅथलॉन ६४ पासून केलं, इंटेलने २००८ मध्ये नेहेलमपासून. म्हणूनच रॅमच्या कोडवर बोर्ड अडला तर दोष पट्टीत, स्लॉटमध्ये, सॉकेटच्या एखाद्या वाकलेल्या पिनमध्ये किंवा प्रोसेसरमध्ये, कुठेही असू शकतो.

आणि कधी कधी दोष कुठेच नसतो. माझी रॅम डीडीआर५, वेग ६०००. म्हणजे प्रत्येक तारेवरून सेकंदाला ६०० कोटी वेळा माहिती जाते. एका वेळेसाठी मिळणाऱ्या अवधीत प्रकाशसुद्धा जेमतेम ५ सेंटीमीटर जातो. इतक्या घाईत सिग्नल नेमका कुठल्या क्षणी वाचायचा, हे प्रत्येक बोर्ड आणि प्रत्येक पट्टीच्या जोडीला वेगळं जुळवावं लागतं. प्रोसेसर रॅममध्ये काहीतरी लिहितो, परत वाचतो, चुकलं तर वेळ किंचित सरकवतो, पुन्हा लिहितो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. पहिल्यांदा चालू करताना त्याला कित्येक मिनिटं लागू शकतात आणि तेवढा वेळ स्क्रीन काळीच राहते. एकदा जुळलं की बोर्ड ते साठवून ठेवतो, म्हणून पुढच्या वेळी मशीन पटकन चालू होतं.

मी काय करत होतो? दोन मिनिटं वाट बघायची, बटण दाबून बंद करायचं, पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावायची, सीएमओएस क्लिअर करायचं, पुन्हा चालू करायचं. म्हणजे दर वेळी चाललेलं ट्रेनिंग मोडायचं आणि शून्यापासून सुरू करायला लावायचं. काकांनी मशीन चालू करून तसंच सोडलं होतं, हे तेव्हा आठवलं.

त्यांची पहिली रॅम परत लावली, बटण दाबलं आणि मी सरळ स्वयंपाकघरात चहा टाकायला गेलो. सहाव्या-सातव्या मिनिटाला बहीण ओरडली, "आकडे पळायला लागले!"

आकडे थांबले ते डी६ वर. तक्ता सांगत होता, चित्र दाखवायला कुठलंच साधन सापडलं नाही. खरं सांगतो, मला आनंद झाला. कोड लिहिणाऱ्यांना माहीत असतं, एरर बदलली म्हणजे गाडी पुढे सरकली. माझा प्रोसेसर नावात एफ असलेला, म्हणजे त्याला स्वतःचं ग्राफिक्स नाही, सगळी भिस्त कार्डावर. बंद करून बघितलं तर कार्ड एका टोकाला स्लॉटमधून किंचित वर आलं होतं. दाबलं, खटका वाजला. पुढच्या मिनिटाला स्क्रीनवर बोर्डाचा लोगो होता. बाबा टीव्ही सोडून बघायला आले.

तुमच्यावर वेळ आली तर

एक. आकडे वाचण्याआधी बोर्डावरचं लिखाण सरळ दिसतंय का ते बघा.

दोन. फोनवर स्लो मोशन व्हिडिओ काढा. आकडे इतक्या वेगाने पळतात की डोळ्यांना फक्त शेवटचा दिसतो. व्हिडिओत पूर्ण प्रवास दिसतो, आणि एकाच जागी फिरून फिरून परत येत असेल तर तेही कळतं.

तीन. नवं मशीन, नवी रॅम किंवा नुकतंच क्लिअर केलेलं सीएमओएस असेल तर पंधरा मिनिटं हात लावू नका.

चार. त्यानंतरही अडलं तर एकच पट्टी ठेवा, मॅन्युअलने सांगितलेल्या स्लॉटमध्ये. आकडे ०० वरच थांबले असतील तर आधी प्रोसेसरजवळची आठ पिनची पॉवर केबल नीट बसलीय का ते बघा.

पाच. एका वेळी एकच बदल करा आणि दर वेळी आकडा लिहून ठेवा. हात घालण्याआधी मागचा स्विच बंद.

आणि विंडोज छान चालू आहे, तरी डिस्प्लेवर एए दिसतंय म्हणून घाबरू नका. बऱ्याच बोर्डांवर त्याचा अर्थ, माझं काम झालं, पुढचं ऑपरेटिंग सिस्टिम बघेल.

बहिणीची थीसिस वेळेत जमा झाली. तिच्या त्या मशीनवर हा एपिसोडही एडिट केलाय. सोमवारी ऑफिसला दांडी मारून मी ती दुसरी पाकिटं परत द्यायला गेलो. या वेळीही दुकानात चार गिऱ्हाइकं होती, म्हणून मुद्दाम त्यांच्यासमोरच म्हटलं, "काका, चूक माझी होती. आकडा उलटा वाचला मी." त्यांनी पाकिटं तपासून शेल्फवर ठेवली आणि विचारलं, "मग आता चालू आहे ना?"

"चालू आहे," म्हटलं.

"मग झालं तर," म्हणाले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

तुमच्याही बोर्डावर कुठला आकडा अडून बसला असेल तर त्याचा फोटो पाठवा. सरळ धरून काढलेला! भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.