नवी बॉडी घ्यावी की जुनीच चालवावी?

कॅमेऱ्याची नवी बॉडी बाजारात आली की कालपर्यंत उत्तम वाटणारी जुनी एकाएकी अपुरी भासू लागते. वस्तुतः तिच्या कामात रात्रीतून काहीही उणे झालेले नसते.

निकॉनचेच उदाहरण पाहावे. २०१५ साली आलेल्या डी७२०० मध्ये २४.२ मेगापिक्सेल आणि मेमरी कार्डांसाठी दोन खाचा होत्या. २०१७ च्या डी७५०० मध्ये मेगापिक्सेल २०.९ आणि खाच एकच! वेग मात्र सेकंदाला सहा चित्रांवरून आठांवर गेला. पक्षी वा क्रिकेट टिपणाऱ्याला हा लाभ खराच. परंतु लग्नाची कामे घेणाऱ्याच्या दृष्टीने दुसरे कार्ड म्हणजे खतावणीची दुसरी प्रत होय. एकुलते एक कार्ड बिघडले, तर वधूवरांवर अक्षता पुन्हा टाकवून घेता येत नाहीत. शिवाय घरात वडिलांच्या वेळची, हाताने फोकस करावयाची एआय लेन्स असेल, तर तिच्यावर डी७२०० प्रकाश मोजून देतो, डी७५०० देत नाही. ही तूट किंमतपत्रिकेत दिसत नाही.

घसारा बॉडीवर झपाट्याने चढतो, चांगल्या लेन्सवर सावकाश. म्हणून जुन्या बॉडीने नेमके कोणते काम अडते, ते आधी कागदावर मांडावे. अडचण केवळ अंधुक सभागृहाची असेल, तर एफ/१.८ ची ५० मिमी लेन्स एफ/३.५ च्या तुलनेत जवळजवळ चौपट प्रकाश आत घेते आणि नव्या बॉडीहून पुष्कळ स्वस्तही पडते.