लायका आणि एक धाडसाचा सौदा

आमच्या आडतीशेजारी एक छायाचित्रकार बंधू आहेत. त्यांच्या कपाटातील जुन्या लायका कॅमेऱ्यास घरच्या मुलांनीही हात लावावयाचा नाही. भाव विचारावा तर नुसते हसतात. आम्हां धान्याच्या व्यापाऱ्यांस हा छंद निव्वळ उधळपट्टी वाटे. परंतु त्यांच्याच मुखाने त्या यंत्राचा इतिहास ऐकला आणि आमचे मत पालटले.

जर्मनीतील वेट्झलर गावी लाइट्झ घराण्याचा सूक्ष्मदर्शक यंत्रांचा कारखाना होता. तेथील ऑस्कर बार्नाक यांस दम्याचा विकार; काचेच्या प्लेटींचा अवजड कॅमेरा वाहून नेणे त्यांस झेपेना. तेव्हा सिनेमाची फिल्म आडवी चालवून २४ × ३६ मिलिमीटरचे चित्र घेणारे लहानसे यंत्र त्यांनी १९१४ च्या सुमारास घडविले. पुढे महायुद्ध आले, त्यामागून चलनाची धूळधाण. अशा पडत्या काळी, कारखान्यातील जाणत्यांत एकमत नसतां, १९२४ साली अर्न्स्ट लाइट्झ (दुसरे) यांनी हे यंत्र विक्रीस काढण्याचे ठरविले. १९२५ मध्ये लाइप्झिगच्या व्यापारी जत्रेत ते मांडले गेले. वखार भरलेली आणि गिऱ्हाईक कोणी नाही, ही धास्ती काय असते ते आम्ही जाणतो. म्हणून बार्नाकांच्या बुद्धीपेक्षा आम्हांस लाइट्झ शेठजींच्या छातीचेच कौतुक अधिक!

बार्नाकांचा स्वतःचा नमुना-कॅमेरा २०२२ च्या लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंस गेला. हा आकडा आम्ही शेजाऱ्यांस सांगितला. त्यांनी आपल्या लायकाची कळ एकवार दाबून आवाज ऐकला, आणि कपाट बंद केले.