'बाउंडरी' आणि 'बॉर्डर'

"आम्ही बाउंडरीवर राहतो," असे एका विद्यार्थ्याने इंग्रजी निबंधात लिहिले. मराठीत दोहोंनाही 'सीमा' म्हणत असल्याने ही चूक होते. (आमच्या कोकणीतही एकच 'शीम'!) 'बाउंडरी' म्हणजे हद्दीची रेषा, मग ती शेताची असो, क्रीडांगणाची असो वा जिल्ह्याची. 'बॉर्डर' ही रेषा तर होयच, परंतु तिच्या लगतचा प्रदेशही; लुगड्याचा काठसुद्धा बॉर्डरच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बीदर जिल्ह्यातून राज्याची बाउंडरी गेली. उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. तेव्हापासून आपण बॉर्डरवर राहतो, बाउंडरीवर नव्हे. आम्ही तांबड्या शाईने शब्द सुधारला. परंतु त्या मुलाचे आजोळ उदगीरचे, हे आठवून हात क्षणभर थबकला.