बोदलकशाचा पानगा

कोकणातली पानगी पुष्कळांच्या परिचयाची आहे. तांदळाच्या पिठाची, केळीच्या किंवा हळदीच्या पानात थापलेली आणि उलगडताच भूक चाळवणारी. पण तिचा एक धिप्पाड मावसभाऊ महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, वैनगंगेच्या खोऱ्यात नांदतो, हे पुण्यामुंबईच्या वाचकांना सहसा ठाऊक नसते. त्याचे नाव पानगा. गाडी-गाडा, लोटी-लोटा, सुरी-सुरा या जोड्या आठवा. आपल्या भाषेत पुल्लिंगी रूप आकाराने मोठे आणि स्वभावाने राकट. पानगीचे नि पानग्याचे नाते नेमके तसेच आहे. पानगी तव्यावर हलकेच भाजायची. पानगा पळसाच्या पानांत गुंडाळून गोवऱ्यांच्या आरात पुरायचा.

विदर्भात हा पानगा बहुधा कणकेचा असतो आणि वरण नि वांग्याची भाजी यांच्या संगतीत जेवणाला बसतो. मी सांगणार आहे तो मात्र न्याहारीचा आणि डाळीचा. तो मी खाल्ला बोदलकशाला.

गोंदिया जिल्ह्यात ‘कसा’ने संपणारी गावे बरीच. सालेकसा, दरेकसा, तसेच हे बोदलकसा, तिरोडा तालुक्यातले. १९१७ साली बांधलेला मोठा तलाव, भोवती डोंगर नि झाडी, आणि थंडीत पाहुणे म्हणून उतरणारे पाणपक्षी. आमच्या महाविद्यालयाची सहल मार्गशीर्षात तिथे गेली होती ती या पक्ष्यांसाठीच. पक्षी पाहायचे तर पहाटे उठावे लागते, आणि पहाटे उठले की आठ वाजता पोटात जे काही होते त्याला पक्षिनिरीक्षणाचा इलाज नाही. गावातल्या एका घरी न्याहारी सांगून ठेवली होती. पोहे असतील अशा समजुतीने आम्ही गेलो, तर अंगणात राखेचा ढीग आणि ढिगाशेजारी सत्तरी ओलांडलेल्या आजी चिमटा घेऊन बसलेल्या.

त्यांनी राख सारून एकेक पुडके बाहेर काढले. पळसाची पाने करपून काळी झाली होती. ती सोलताच आत खरपूस पिवळा पानगा, आणि त्याच्या पाठीवर पानाची शीर न् शीर उमटलेली. वरून जवसाचे तेल आणि लसणीची चटणी. एक खाल्ला, दुसरा निम्म्यावर आला, तेव्हा तिसऱ्याची हिंमत राहिली नाही.

“धानाच्या कामाले जानाऱ्याले असाच पायजे,” आजी म्हणाल्या, “दुपारवरी पोट बोलत नाई जी.”

आत काय आहे म्हणून विचारले. तांदळाचे पीठ, भिजवून वाटलेली डाळ, मिरची, लसूण, ओवा, सांबार. (विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर, बाहेरच्यांनी इडलीची वाट पाहू नये.) “आन् डाळ कोनती?” या प्रश्नाला आजींनी सरळ उत्तर दिले, “लाखोरी.”

आमच्याबरोबर वनस्पतिशास्त्राचे एक प्राध्यापक होते. त्यांचा घास हातातच राहिला. “अहो, हिने पाय जातात ना!” आजींनी त्यांच्याकडे एकवार पाहिले, उठून चार पावले टाकली आणि म्हणाल्या, “माहे तं हायेत जी अजून.” अंगणात हशा पिकला, प्राध्यापकांनी मात्र तो पानगा बाजूला ठेवला. मला दोघांचेही पटले. आणि परत आल्यावर मी या प्रकरणाच्या मागे लागले.

लाखोळी, लाख किंवा लाखोरी. झाडीबोलीला ळ मानवत नाही. वऱ्हाडात ‘डोळ्या’चा ‘डोया’ होतो, झाडीत ‘डोरा’, आणि लाखोळीची लाखोरी. हिंदीत हिला खेसारी आणि छत्तीसगडात तिवरा म्हणतात. धान उभे असतानाच, कापणीच्या थोडे आधी, चिखलात हिचे बी फेकून देतात. नांगर नको, पाणी नको, खत नको. धान कापून झाले की बांधीतल्या उरल्यासुरल्या ओलीवर ही वाढते. कोवळा पाला भाजीला, दाणा डाळीला, भुसकट बैलांना. आणि प्रथिनांच्या बाबतीत तर ही गरीब डाळ श्रीमंत निघाली: १०० ग्रॅममागे सुमारे २८ ग्रॅम. तुरीत २२, हरभऱ्याच्या डाळीत २१, आणि तांदळात जेमतेम ७.

पण प्राध्यापक म्हणत होते तेही खोटे नव्हते. या दाण्यात ओडॅप नावाचे एक द्रव्य असते. माणूस दोनतीन महिने मुख्यतः लाखोरीवरच जगला, तर ते मज्जातंतूंवर आघात करते; पाय ताठरतात, कातरीसारखे एकमेकांत अडकतात, आणि ते पुन्हा धड होत नाहीत. ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमन १८४४ च्या आपल्या पुस्तकात सागर भागातली अशी हकिगत देतो: १८२९ पासून गहू बुडत गेला, शेतांत लाखोरी तेवढी माजली, लोकांनी तीच खाल्ली, आणि तरणीताठी माणसे कमरेखाली लुळी झाली. तिकडे स्पेनमध्ये १८११-१२ च्या दुष्काळात माद्रिदच्या गरिबांनी हिच्याच पिठाची लापशी पिऊन दिवस काढले. गोया या थोर चित्रकाराने ते चित्र कोरून ठेवले आहे. पुढे रेवा भागात वेठीच्या मजुरांना मजुरी म्हणून लाखोरीच मोजून दिली जाई, आणि पांगळेही तेच होत. १९६१ साली केंद्र सरकारने हिच्या विक्रीवर बंदी घातली.

मला या साऱ्या हकिगतींत एक गोष्ट समान दिसते. पाय गेले ते ज्यांच्या ताटात दुसरे काहीच नव्हते त्यांचे. गुन्हा दाण्याचा आहे खरा, पण साथीदार उपासमार. आणि खटला चालला तो एकट्या दाण्यावर. बंदीनंतरही ही डाळ तुरीत आणि बेसनात भेसळ होऊन शहरांत जातच राहिली. म्हणजे सांगून खाल्ली तर पाप, न सांगता खाऊ घातली तर व्यापार! मधल्या काळात कमी विषाचे वाण निघाले. रतन, प्रतीक, महातिवडा ही त्यांची नावे. २०१६ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने या तिन्हींना अनुकूल मत दिल्याची बातमी वाचली असेल.

आजींच्या कृतीकडे आता पुन्हा पाहू. डाळीवर कढत पाणी ओतून ती रात्रभर ठेवायची, पाणी फेकायचे, सकाळी पुन्हा दोनदा धुऊन तेही फेकायचे. ओडॅप पाण्यात विरघळते. बराचसा भाग या पाण्याबरोबर जातो, सगळा मात्र जात नाही. त्यात तांदळाची जोड. डाळीत लायसीन भरपूर आणि मेथिओनीन कमी, तांदळात नेमके उलटे. दोघे एकत्र आले की प्रथिने अंगी लागतात. वरणभात, खिचडी, इडली, गुजराथ्यांचा हांडवो ही सगळी याच सोयरिकीची घरे. जिनोआचे लोक हरभऱ्याचे पीठ पाण्यात कालवून, वर ऑलिव्हचे तेल सोडून, रुंद तांब्याच्या परातीत, धगधगत्या भट्टीत भाजतात. त्याला म्हणतात फारिनाता. फ्रान्सच्या किनाऱ्यावर, नीसला, त्याचेच नाव सोका. आमचा पानगा त्यांच्या पंक्तीला मानाने बसेल. त्यांच्याकडे पळसाचे पान कुठे आहे?

घरी करायचा तर माझे प्रमाण असे. हरभऱ्याची डाळ १५० ग्रॅम, लाखोरीची ५०, तांदळाचे जाडसर पीठ १५०. लाखोरी निराळी, वर सांगितल्याप्रमाणे भिजवावी. ती मिळत नसेल किंवा मन धजत नसेल, तर हरभराच २०० ग्रॅम घ्यावा. चवीत थोडा फरक पडतो, बिघडत काही नाही. मिळत असली तरी आठवड्यातून एकदोनदा, आणि इतर डाळींच्या जोडीनेच. रोजचा रतीब नको. डाळी रवाळ वाटाव्यात, गंध करू नये. त्यात पीठ, हिरवी मिरची, लसूण, आले, ओवा, हळद, मीठ, मूठभर सांबार आणि दोन चमचे तेल घालून सैल गोळा करावा. पानावर थापता आला पाहिजे, ओघळता कामा नये. एवढ्याचे सहा पानगे होतात, आणि एकेकात सुमारे ९ ग्रॅम प्रथिने, म्हणजे एका अंड्याहून अधिक.

पळसाची पाने धुऊन, पुसून, तेलाचा हात लावून घ्यावीत. खाली दोन, वर दोन, मधे बोटभर जाड पानगा. आर असेल तर उत्तमच. गोवऱ्यांचा धूर पूर्ण सरून लाल निखारे झाल्यावर पुडकी ठेवावीत, वर गरम राख लोटावी, अर्ध्या तासाने उघडावीत. शहरात जाड लोखंडी तवा, वर झाकण, मंद आच, आणि प्रत्येक बाजूला बारा ते पंधरा मिनिटे. ओव्हन असेल तर २०० अंशांवर पंचवीस मिनिटे पुरतात. पळस नसेल तिथे केळीचे पान चालते. मात्र पाठीवरची ती नक्षी येत नाही, आणि धुरकट वासही नाही.

वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना मी हरभऱ्याचे पानगे डब्यातून नेऊन दिले. त्यांनी तीन खाल्ले आणि विचारले, “आजींच्यासारखे का लागत नाहीत हो?”