फटफटीला तेल कोणते?

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या विमानतळावर उतरले. विमान इवलेसे, इंजिन एकच. ते वाटेत जाम झाले असते तर? आपल्या फटफटीलाही इंजिन एकच असते, आणि त्याला जपते ते तेल.

तेलाच्या डब्यावर ‘१०डब्ल्यू-३०’, ‘२०डब्ल्यू-४०’ असे आकडे असतात. डब्ल्यू म्हणजे हिवाळा. पहिला आकडा थंडीत तेल कसे वाहते ते सांगतो. दुसरा, तापल्यावर किती दाट राहते ते. मोठा आकडा म्हणजे चांगले तेल, असे नव्हे बरे का! गाडीच्या पुस्तिकेत असेल तोच घ्यावा.

दुसरी गोष्ट. बहुतेक फटफट्यांत इंजिन, गिअर आणि क्लच यांना तेल एकच. मोटारीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. त्यांनी क्लच घसरतो. इंजिन नुसते ओरडते, गाडी चढत नाही. ऐन घाटात, मागे लेकरू बसलेले असताना, हे परवडेल का? म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ ही जपानी मानकाची खूण पाहावी.

आणि तेलाची पातळी अधूनमधून तपासा. तेल आटले, तर महागातला डबाही इंजिन वाचवणार नाही.