ख्रिस्तपुराणाचीं दोन रूपें

फादर टॉमस स्टीफन्स यांचें ‘ख्रिस्तपुराण’ मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांस अपरिचित नाहीं. त्यांतील मराठी भाषेची स्तुति तर ज्यांनीं ग्रंथ पाहिलाहि नाहीं त्यांच्याहि कानांवर गेलेली असते. परंतु परदेशांतून आलेला धर्म येथील श्रोत्यांच्या मनापर्यंत नेतांना ग्रंथकारानें कोणते शब्द स्वीकारले व कोणते टाळले, हा प्रश्न या स्तुतीच्या गजरांत मागें पडतो. या प्रश्नाचें उत्तर आपण कोणती पोथी हातीं धरतों यावर अवलंबून आहे. म्हणून आम्ही येथें त्याचा विचार पोथ्यांच्या अंगानेंच करणार आहों.

स्टीफन्स हे जातीनें इंग्रज. त्यांचा जन्म १५४९ च्या सुमारास विल्टशर परगण्यांत झाला. १५७५ सालीं रोम येथें ते येशूसंघांत शिरले व १५७९ च्या एप्रिलांत लिस्बनहून निघून ऑक्टोबरांत गोव्यास पोहोंचले. पुढें १६१९ सालीं मृत्यु येईपर्यंत त्यांचें बहुतेक आयुष्य गोव्यांतील साष्टी प्रांतांत गेलें. हा प्रांत त्या काळीं शांत नव्हता. १५६७ सालीं तेथील देवालयें पाडण्यांत आलीं होतीं. १५८३ च्या जुलैंत कुंकळ्ळी येथें पांच येशूसंघीय पाद्री मारले गेले व त्यांचीं प्रेतें मिळवून त्यांची उत्तरक्रिया करण्याचें काम स्टीफन्स यांजवर आलें. त्यानंतर कुंकळ्ळीच्या प्रमुख गांवकऱ्यांस असोळणे येथील किल्ल्यांत बोलावून मारण्यांत आलें. उभय पक्षांचें रक्त ज्या भूमींत सांडलें, त्याच भूमींत हें पुराण रचलें गेलें, ही गोष्ट तें वाचतांना विसरूं नये.

ग्रंथाच्या आरंभीं येणारा प्रसंगहि याच परिस्थितीचा द्योतक आहे. धर्मशिक्षणास जमलेल्या श्रोत्यांपैकीं एक जण गुरूंस विचारतो कीं, आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्हीं बंद केलींत, तर त्यांच्या जागीं आम्हांस दुसरें पुराण कां देत नाहीं? या प्रश्नांत विनंति आहे, तशी तक्रारहि आहे. नव्या धर्माची प्रश्नोत्तरी पाठ होते, पण सायंकाळीं बसून ऐकण्यासारखें कांहीं उरलें नाहीं, ही रिकामी जागा त्या श्रोत्यानें दाखविली. स्टीफन्स यांनीं ती ओळखली, हेंच त्यांचें मोठेपण. त्यांनीं नुसतें भाषांतर केलें नाहीं. ओवी घेतली, पुराणाची बैठक घेतली, श्रोता-वक्त्यांचा संवाद घेतला, आणि ‘पहिलें पुराण’ व ‘दुसरें पुराण’ अशा दोन भागांत सुमारें ११,००० ओव्यांचा ग्रंथ सिद्ध केला. पहिल्या भागांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या करारांतील कथा आहेत, तर दुसऱ्यांत ख्रिस्तचरित्र आहे. अध्यायांस ‘अवस्वरू’ असें नांव असून ते पहिल्या भागांत ३६ व दुसऱ्यांत ५९ आहेत.

हा ग्रंथ १६१६ सालीं राशोल येथें छापला गेला व १६४९ आणि १६५४ सालीं त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिहींपैकीं एकाहि आवृत्तीची प्रत आज हातीं नाहीं. छपाई रोमन लिपींत झाली होती. पण ती ग्रंथकाराच्या आवडीनें नव्हे. १६०८ सालीं संघाच्या मुख्याधिकाऱ्यांस लिहिलेल्या पत्रांत, मलबाराकडे झाल्याप्रमाणें येथेंहि देशी भाषेंत व देशी लिपींत ग्रंथ छापावे, अशी आपली पुष्कळ दिवसांची इच्छा स्टीफन्स यांनीं कळविली आहे. अडचण खिळ्यांची होती. युरोपांत चोवीस अक्षरांनीं भागतें, तर येथें जोडाक्षरांसह सुमारें सहाशें सांचे पाडावे लागतील, असा त्यांचा हिशेब होता. तेव्हां रोमन लिपि ही त्यांच्या दृष्टीनें निरुपायाची सोय होती.

आतां पोथ्यांकडे वळूं. छापील प्रती नष्ट झाल्या, तरी हस्तलिखित नकला गोव्यांत व मंगळूरकडे गेलेल्या गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबांत टिकून राहिल्या. अशा रोमन नकलांवरून जोसेफ साल्दान्हा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें ग्रंथ पुन्हां छापला. त्यांत ‘स्पिरितु सांतु’, ‘क्रूस’, ‘बाप्तिज्म’ यांसारखे पोर्तुगीज-लॅटिन शब्द मराठी ओवींत जसेच्या तसे बसविलेले आढळतात. पुढें विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहांतून लंडनच्या प्राच्यविद्या विद्यालयाकडे आलेल्या ग्रंथांत जस्टिन ॲबट यांस याच पुराणाची नागरी पोथी आढळली व १९२३ सालीं त्यांनीं ती प्रसिद्धीस आणली. तींत अशा परकी शब्दांच्या जागीं ठिकठिकाणीं संस्कृत शब्द आहेत. हाच मूळ पाठ होय, असें ॲबट यांनीं मानलें.

१६०८ चें पत्र पाहतां हें मत मोहक वाटतें. ज्यास नागरी छपाई हवी होती त्यानें मूळ ग्रंथ नागरींत लिहिला असावा, ही कल्पना सहज सुचते. तरी आमचे मतें लिपीचा प्रश्न व शब्दांचा प्रश्न हे वेगळे ठेवले पाहिजेत. स्टीफन्स यांची कोंकणी प्रश्नोत्तरी त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ सालीं राशोल येथेंच छापली गेली. संस्कारांचे व मूलतत्त्वांचे शब्द तींतहि परकीच ठेविलेले आहेत. यांत अज्ञान नसून धोरण दिसतें. स्वर्गास ‘वैकुंठ’ म्हणण्यास या ग्रंथकारास संकोच वाटला नाहीं. पण ज्या वस्तूस येथें जोड नाहीं, तीस देशी नांव दिल्यानें जुना अर्थ चिकटून येईल, तेथें त्यांनीं परका शब्दच राखला. शिवाय नकलकाराचा स्वभाव अनोळखी शब्द काढून ओळखीचा घालण्याचा असतो. उलट घडण्यास विशेष कारण लागतें. यावरून लंडनची पोथी हा मागाहून झालेला संस्कार असावा, याच मताकडे आमचा कल आहे.

असें असल्यास त्या पोथीचें मोल घटतें काय? आमचे मतें तें वाढतें. कारण मग ती स्टीफन्स यांची साक्ष न राहतां त्यांच्या वाचकांची साक्ष ठरते. पाद्र्यानें जेथें थांबणें योग्य मानलें, तेथून कोणी नागरी जाणणारा मराठी वाचक एक पाऊल पुढें गेला व परका शब्द काढून त्यानें आपला शब्द घातला. धर्म एका संस्कृतींतून दुसरींत जातो तो सांगणाऱ्याच्या प्रयत्नानें अर्धाच जातो. उरलेली वाट ऐकणारा आपल्या शब्दांनीं चालतो. या दुसऱ्या अर्ध्या वाटेचा पुरावा छापील ग्रंथांत क्वचित् सांपडतो, तो नकलांतच शोधावा लागतो.

१६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें तीन वर्षांच्या आंत देशी भाषा सोडण्याचा हुकूम काढला. त्यानंतरहि हें पुराण जगलें तें नकलांच्याच आधारानें. म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे. गोवा, दक्षिण कोंकण व मंगळूर या भागांत मिळणारीं रोमन अक्षरांतील जुनीं बाडें पोर्तुगीज समजून बाजूस टाकूं नयेत. मोठ्यानें वाचून पाहावें, ओवी असेल तर कानास कळेल. ‘अवस्वरू’ हा शब्द दिसल्यास शंका राहणार नाहीं. आरंभींचीं व शेवटचीं पानें नसलेली पोथीहि ठेवावी, व नागरी करतांना मूळ रोमन अक्षरें शेजारीं जशींच्या तशीं उतरावीं. कारण ऱ्हस्वदीर्घ, महाप्राण व मूर्धन्य वर्ण रोमन अक्षरांत स्पष्ट उतरत नाहींत, आणि नागरी करणारा प्रत्येक जण नकळत आपला अर्थ लावीत असतो. परकी शब्द तर मुळींच सुधारूं नयेत. या ग्रंथापुरता तरी सर्व इतिहास त्या शब्दांतच सांठविलेला आहे.