खंडेनवमी आणि जुनी कट्यार

खंडेनवमीला अनेक जुन्या घरांत शस्त्रपूजा होते. ट्रंकेच्या तळाशी ठेवलेली पणजोबांची कट्यार त्या दिवशी बाहेर निघते आणि स्वच्छ दिसावी म्हणून तिच्यावर पॉलिश पेपर फिरतो. पाते चकाकते, घरच्यांना समाधान वाटते. पण त्या दहा मिनिटांत बराचसा इतिहास भुकटी होऊन कागदाला चिकटलेला असतो. तो कसा, हे पाहू.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी शस्त्रे पाहायला मिळतात. डॉ. दि. गं. केळकर (१८९६-१९९०) यांनी घरगुती वापराच्या असंख्य वस्तूंबरोबर शस्त्रेही जमवली. कट्यारीची रचना मोठी शास्त्रशुद्ध आहे. आडवी मूठ धरली की पाते हाताच्या रेषेत येते आणि ठोशाचा सगळा जोर थेट टोकावर पोचतो. क्षेत्रफळ कमी तर दाब जास्त, हा पाठ्यपुस्तकातला नियम इथे चिलखताची कडी फोडायला वापरलेला आहे. म्हणूनच पुष्कळ कट्यारींचे टोक मुद्दाम जाड केलेले असते.

अशा पात्यात दोन प्रकारचे पुरावे असतात. एक धातूच्या आत आणि दुसरा पृष्ठभागावर.

आतला पुरावा म्हणजे पोलादाची जात. दक्षिण भारतात लोखंड आणि वनस्पतींचे तुकडे मातीच्या बंद मुशीत दीर्घकाळ तापवून ‘उक्कू’ नावाचे पोलाद करीत. इंग्रजांनी त्याचेच ‘वूट्झ’ केले. त्यात कार्बनचे प्रमाण सुमारे १ ते २ टक्के असते. मूस सावकाश थंड झाल्यावर आणि धातू बेताच्या तापमानाला ठोकल्यावर लोह व कार्बन यांच्या संयुगाचे, म्हणजे सिमेंटाइटचे, कण थरांत गोळा होतात. हिराकशीच्या द्रावणाने भोवतालचे पोलाद काळवंडते, कण उजळ राहतात आणि पाण्यावरच्या तरंगांसारखी नक्षी उमटते. तिला ‘जौहर’ म्हणतात.

या नक्षीने मोठमोठ्यांना चकवले. मुंबईचे डॉ. हेलेनस स्कॉट यांनी १७९४ मध्ये या पोलादाचे नमुने लंडनला पाठवले. १८१९ मध्ये मायकेल फॅरडे यांनी वूट्झचे पृथक्करण करून त्याचे गुण ॲल्युमिनियम व सिलिकॉन यांच्या अंशामुळे आहेत असा निष्कर्ष काढला. तो चुकीचा होता. पण त्यातूनच त्यांचे मिश्र पोलादांवरचे प्रयोग सुरू झाले. कण थरांतच का जमतात, याचे उत्तर १९९० च्या दशकात अमेरिकेतील व्हरहोव्हन व पेंड्रे यांच्या प्रयोगांतून पुढे आले. व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्यांचा अत्यल्प अंश त्याला कारणीभूत ठरतो.

खरी नक्षी धातूच्या आरपार असते. पाते घासले तर ती पुसट होते, पण जाणकाराला ती पुन्हा उमटवता येते. आम्लाने वरवर कोरलेली बनावट नक्षी मात्र घासली की कायमची जाते. संग्राहकाची अर्धी फसवणूक या एका गोष्टीने टळते.

पृष्ठभागावरच्या पुराव्याचे तसे नाही. कोफ्तगिरीत पोलादावर बारीक चरे पाडून त्यांत सोन्याची तार ठोकून बसवतात. हा थर इतका पातळ असतो की पॉलिश पेपर तो सहज खरवडतो. कारागिराची खूण, धारेवरचे वापराचे चरे हेही गेले की परत येत नाहीत. काही मराठी कट्यारींची पाती तर मोडक्या युरोपीय तलवारींची आहेत. मुठीजवळचे रिव्हेट आणि पात्यावरच्या खोबणी ही गोष्ट सांगतात. त्याही घासून बुजवल्या तर सांगणार कोण?

तेव्हा पाते मऊ कापडाने पुसावे, हलक्या तेलाचा पातळ हात द्यावा आणि कोरड्या जागी ठेवावे. उघड्या हाताने धरू नये, कारण घामातल्या मिठाने गंज लवकर चढतो. चामड्याच्या म्यानात ठेवू नये. चामडे ओल धरते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खाजगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही, हेही लक्षात असावे.

आणि पाते भट्टीत तर कधीच घालू नये. जास्त उष्णतेने सिमेंटाइटचे कण विरघळतात आणि आतला पुरावाही नाहीसा होतो. उष्णता पोलाद आतून बदलते, हे वर्गात दाखवता येईल. शिवणाची सुई चिमट्यात धरून लालबुंद तापवा व ज्योतीतून अगदी सावकाश वर काढा. गार झाल्यावर दुसऱ्या चिमट्याने वाकवा. ती तारेसारखी वाकते. न तापवलेली सुई तशीच वाकवू गेल्यास मोडते, म्हणून ती कापडात गुंडाळून वाकवावी. दिसायला सुई तीच, पण आतली रचना बदललेली. हा प्रयोग पाहिलेला विद्यार्थी पुढच्या खंडेनवमीला घरातल्यांच्या हातून पॉलिश पेपर नक्की काढून घेईल.